हाडावर घेतलेले वजन

साडीला खिसा नसतो. पुरुषाच्या अंगावर सदरा, पॅन्ट, पट्टा, जाकीट असे एकाखाली एक आधार असतात. बाईने अंगावरून काही न्यायचे म्हटले तर पदराची गाठ, नाही तर कनवट. किल्ल्यांचा छल्ला, घडी केलेल्या चार नोटा, तंबाखूची डबी एवढे त्या जागांना पेलते. गोळ्या भरलेले पाऊण किलोचे रिव्हॉल्व्हर पेलत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत कापसाची खरेदी करणाऱ्या बाया मुळात बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांत शस्त्राचा परवाना असलेली दुसरी कोणी मला भेटली नाही. हे वजन अंगावर घ्यायचे कसे, हे विचारायला जवळ कोणी नव्हते. करून पाहत, बदलत, पुन्हा करून पाहत मी माझी रीत बसवली. त्या शोधात जे उमगले ते पट्टा आणि खोळ यांच्या बरेच पलीकडचे होते, म्हणून हे लिहिते आहे.

रिव्हॉल्व्हर माझ्या यजमानांचे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात घडलेले, बत्तीस बोअरचे, सहा गोळ्यांचे. ते गेल्यावर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा झाले. कायद्यात वारसाला अर्ज करण्याची वाट आहे. मी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला, चौकशी झाली, जबाब झाले आणि परवाना माझ्या नावावर झाला. आमचे शेतघर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याकडेही नाव नोंदवावे लागते, तेही केले. पुष्कळांना वाटते, मी वाघाच्या भीतीने शस्त्र बाळगते. तसे नाही. टिपेश्वरच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेताच येत नाही, आणि वाघासमोर या सहा गोळ्यांचा उपयोगही नाही. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात टी-वन वाघिणीची दहशत होती तेव्हा आमच्याकडचे लोक घोळक्याने शेतात जायचे, हातात काठी आणि तोंडाने सतत आवाज. तो खरा उपाय होता.

माझी भीती पैशांची होती. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याचा कापूस सरकारी यंत्रणाच घ्यायची. २००२ च्या सुमारास ते बंधन सुटले आणि आमच्यासारख्या खासगी खरेदीदारांना बाजार मोकळा झाला. मग खेडा खरेदी वाढली. शेतकऱ्याच्या दारात काटा लावायचा, कापूस गाडीत भरायचा आणि चुकारा तिथेच, रोख. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या त्या दिवसांत बँकेतून काढलेली रक्कम घेऊन पारव्याकडच्या, पांढरकवड्याकडच्या रस्त्याने जायचे. जंगल लागते, वस्ती विरळ, अंधार लवकर. यजमान असताना ते जायचे. ते गेल्यावर मी जाऊ लागले. माणसे मला ओळखत होती, कोणत्या दिवशी कोणत्या गावाला जाते हेही ओळखत होती. व्यापारात ही ओळख भांडवल असते आणि रस्त्यावर तीच धोक्याची होते.

पहिला सल्ला सगळ्यांनी एकच दिला: पर्समध्ये ठेव. २०१४ साली कानपूरहूनच ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आले होते. दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीने ते नाव दिलेले. वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात, दागिन्याच्या पेटीसारख्या पेटीतून मिळणारे, आणि बाईच्या पर्समध्ये मावेल असे सांगितले जाणारे. त्या काळात पेपरात त्याच्यावर बरेच लिहून आले. मला मात्र पर्सची कल्पना कधी पटली नाही. बाईची पर्स तिच्या अंगाचा भाग नसते. ती गाडीच्या सीटवर राहते, लग्नघरात खाटेवर राहते, बँकेत काउंटरवर राहते. घरातले लेकरू गोळी-बिस्किटासाठी आधी आजीच्या पर्समध्येच हात घालते. रस्त्यात कोणी हिसका दिला तर पैशांबरोबर शस्त्रही त्याच्या हाती जाते, आणि मग पुढे त्या शस्त्राने जे होईल त्याला कागदोपत्री नाव माझे. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर ताबा असावा. झाकणे पर्सने होते. ताबा अंगावर असल्याशिवाय राहत नाही, अशी माझी ठाम समजूत आहे.

म्हणजे अंगावर. पण कुठे? यजमान सफारीचा शर्ट घालायचे आणि उजव्या कमरेला पट्ट्यात खोळ अडकवायचे. साडीखाली परकराची नाडी असते. तिच्यावर वजन टाकले की नाडी कापत जाते, निऱ्या सैल होतात आणि दिवसभर एक हात कमरेवर राहतो. हात सारखा तिथे जाणे हीच सगळ्यांत वाईट गोष्ट. झाकलेले शस्त्र हातानेच उघडे पडते. समोरचा माणूस आपल्या कमरेकडे बघत नसतो, आपल्या हाताकडे बघत असतो. मग पोटाशी बांधून पाहिले. आम्ही गादीवर मांडी घालून बसणारी माणसे. बसले की दस्ता बरगडीला टोचायचा आणि नळीचे तोंड मांडीकडे व्हायचे. ते मला एक दिवसही सहन झाले नाही. पाठीमागे, कण्यावर, हीसुद्धा एक जागा सांगितली जाते. कोकणात माडावर चढणारे कमरेला मागे आकडी लावतात आणि तिच्यात कोयती अडकवतात, कारण त्यांना दोन्ही हात आणि पोट झाडाला लागतात. त्यांच्या कामाला ती जागा बरोबर आहे. मी गाडीत बसते, खड्ड्यांच्या रस्त्याने जाते. कण्यावर लोखंड घेऊन पाठ टेकणे आणि कुठे घसरून पडणे, दोन्ही धोक्याचे.

उत्तर मिळाले आमच्याच शेतात. कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात. बोंडांच्या टोकदार नखांनी हात ओरबाडतात, ऊन लागते, त्यासाठी. त्याच्या आत कमरेला जाड कापडाची ओटी बांधलेली असते, वेचलेला कापूस तिच्यात जातो. दुपारपर्यंत ती ओटी चांगली जड होते, तरी बाई वाकते, सरळ होते, तास बदलते, मध्येच लेकराला पाजायला बसते. मी त्यांच्यातल्या एका वयस्क बाईला विचारले, की एवढे बांधून तुम्ही दिवसभर वाकता कशा. तिने माझ्या कमरेवर दोन्ही हात ठेवून हाड दाखवले आणि म्हणाली, “वैनी, वझं पोटावर नोका घेऊ. या हाडावर बसवा. पट्टी रुंद घ्या, गाठ बाजूले मारा. मंग दिवसभर समजत नाही.”

मला शस्त्राबद्दल कोणत्याही जाणकाराने याहून नेमके सांगितलेले नाही. घाटंजीतल्याच एका शिंप्याकडून मी जाड खादीच्या दुहेरी घडीचा, चार बोटे रुंद पट्टा शिवून घेतला. तो परकराच्या नाडीच्या खाली, कमरेच्या हाडावर बसतो. नाडीवर त्याचा भार येत नाही. चपला-जोडे शिवणाऱ्या कारागिराने त्याच्यावर चामड्याची खोळ अशी टाचून दिली, की चाप पूर्ण आत झाकला जातो आणि वर एक बटणाची पट्टी येते. ती अंगठ्याने सुटते, पण धक्क्याने किंवा वाकल्याने सुटत नाही. जागा उजव्या हाडाच्या किंचित मागे. मांडी घालून बसले तरी ती टोचत नाही, उठताना हाताचा टेकू घ्यावा लागत नाही. वरून मी खरेदीच्या दिवसांत शर्टच घालते, वेचणाऱ्या बायांसारखाच. गावात कोणाला त्यात वेगळे काही दिसत नाही, कारण हंगामात अर्ध्या गावच्या बाया तसाच शर्ट घालून फिरत असतात.

हे सगळे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण आहे. सोय ही चैन नाही, हे मी आमच्या जिल्ह्यात फार जवळून पाहिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंदट, औषधांची मिश्रणे तीव्र. त्यानंतर मुखपट्ट्या, चष्मे, हातमोजे यांचे संच गावोगाव आले, सभा झाल्या, फलक लागले. पुढच्या वर्षी मी शेताशेतांतून पाहिले: संच घरात खुंटीला टांगलेला आणि माणूस तोंडाला दुपट्टा बांधून फवारतो आहे. त्या उकाड्यात रबराचा मोजा दहा मिनिटे सहन होत नाही, चष्म्यावर वाफ धरते, पुढचे दिसत नाही. त्या माणसाला बेफिकीर म्हणणे मला जमत नाही. ज्याने तो संच बनवला त्याने ऑगस्टमधली कपाशी पाहिली नव्हती. जे अंगाला सोसत नाही ते माणूस काढून ठेवतो, आणि रक्षणाची वस्तू जिथे हवी तिथे नसते. मुखपट्टी खुंटीवर राहिली तर ती घालणारा मरतो. शस्त्र काढून कुठेतरी ठेवले तर दुसराच कोणी मरू शकतो. टोचणारी खोळ माणूस गाडीच्या खणात काढून ठेवतो, गादीच्या लोडामागे सरकवतो, जेवायला बसताना बाजूला ठेवतो. शस्त्राचे अपघात अशाच जागी घडतात. म्हणून आपल्या अंगाला, आपल्या कपड्याला, आपल्या उन्हाला जुळेल अशी रीत शोधणे हा परवानाधारकाच्या जबाबदारीचा पहिला भाग आहे, असे मी मानते.

उन्हाचे आणि कापसाचे वेगळेच आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. घामाने चामडे कडक होते आणि लोखंडाला डाग धरतो. हंगामात जिनिंगमध्ये तासभर उभे राहिले तरी रुईचे बारीक तूस केसांत, भुवयांत, कपड्यांत बसते. तेवढेच ते खोळीत शिरते. रात्री घरी आले की दार लावून मी आधी गोळ्या काढते. रिव्हॉल्व्हर उघडले की त्या तळहातात पडतात. सहा मोजून पांढऱ्या फडक्यावर ओळीने ठेवायच्या, मग रिकामी घरे उजेडाकडे धरून एकेक पाहायची. तेलाच्या जागी तूस चिकटून राखाडी लगदा झालेला असतो, चक्रीच्या मागच्या फटीत तर हमखास. तो मऊ ब्रशने काढायचा, तेलाचा हलका हात फिरवायचा, जास्तीचे तेल टिपायचे, कारण जास्त तेल म्हणजे उद्या जास्त तूस. मग शस्त्र एका कपाटात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. हे काम मी टाळत नाही आणि घाईने करत नाही. या वेळात शस्त्र माझ्यासाठी पुन्हा एक यंत्र होते, आणि दिवसभर त्याच्या असण्याने मनात जो ताठा आलेला असतो तो उतरतो.

तो ताठा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. कमरेला शस्त्र आहे हे दुसऱ्या कोणाला माहीत नसले तरी आपल्याला माहीत असते. काट्यावर कापूस आला, ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला, मी भाव कमी सांगितला की शेतकरी चिडतो. त्याचे चिडणे रास्त असते. वर्षभराची मेहनत ओली निघाली म्हणून कमी होत नाही. आवाज चढतो. अशा वेळी शस्त्रधारी माणसाने दुप्पट शांत राहायला हवे, कारण भांडणात उतरलेल्या दोघांपैकी एकाकडेच ते आहे आणि दुसऱ्याला त्याची कल्पना नाही. ही असमानता मी त्या माणसावर लादलेली आहे. तिची भरपाई माझ्या बोलण्याने आणि वागण्याने व्हायला हवी. म्हणून खोळ बांधलेली असताना मी वाद घालत नाही. मापाड्याला पुढे करते, पुन्हा मोजायला लावते, अर्धा तास थांबते, प्रसंगी नुकसान घेते. पट्टा बांधताना मी रोज मनाशी हे पक्के करते.

छुप्या शस्त्राची मराठी माणसाच्या मनात कोरलेली एकच गोष्ट आहे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा, हातात चढवलेली वाघनखे आणि बिचवा. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याला आली. ती नेमकी शिवाजी महाराजांचीच, असे ते संग्रहालयही खात्रीने सांगत नाही. तरी मी बघायला गेले. पट्टीच्या दोन टोकांना दोन अंगठ्या आणि आतल्या बाजूला वळलेली नखे. मूठ झाकली की वरून बोटांतल्या दोन अंगठ्याच दिसाव्यात. किती विचार करून घडवलेली वस्तू. भोवती शाळेची मुले पंजे उगारून एकमेकांवर धावत होती. मला वाटले, त्यांना यातली खरी अवघड गोष्ट कोणी सांगायला हवी. ते शस्त्र एका भेटीसाठी होते. शत्रू कोण, भेट कधी, आलिंगन कोण देणार, सगळे ठरलेले होते, आणि महाराजांनी त्या एका दिवसाची तयारी केली होती. माझ्यासारखीचे तसे नाही. माझ्या वाट्याला नुसते साधे दिवस आहेत. समोर येणारा प्रत्येक जण शेतकरी आहे, हमाल आहे, नातलग आहे. माहेरची बहीण भेटते आणि गळ्यात पडते. पायाला हात लावायला सून वाकते, नातू कमरेला मिठी मारतो. या साध्या दिवसांत शस्त्र घेऊन वावरणे म्हणजे हजारदा हेच सिद्ध करणे की आज त्याचे काम नाही.

म्हणून काही ठिकाणी ते न्यायचेच नाही असे मी ठरवले आहे. वेचणीच्या सुरुवातीला शेतात सीतादहीची पूजा होते, त्या दिवशी नाही. हळदीकुंकवाला नाही, देवळात नाही, मयतीला नाही. लग्नाच्या वरातीत तर मुळीच नाही. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे आणि ती योग्यच आहे. नातू घरी असेल तर घरात शिरण्यापूर्वी गादीवरच्या तिजोरीत शस्त्र बंद होते. रोख नसेल त्या दिवशी पट्टाही बांधत नाही.

आणि रोख आता कमी झाली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली ती ऐन वेचणीत. त्या महिन्यात शेतकऱ्यांचे जे हाल झाले ते मी विसरणार नाही. पण त्यानंतर चुकारा बँकेत जाऊ लागला. पुढच्या एप्रिलपासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आली. आता माझ्या गाडीत रक्कम असते ती हमालीची, डिझेलची आणि ज्यांचे खाते कर्जापोटी गोठले आहे अशांच्या थोड्याथोडक्या चुकाऱ्याची. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला. दुसऱ्यांदा तर नोव्हेंबर महिना, खरेदी भरात. मी ठाण्यात जमा केले, पावती घेतली आणि नेहमीच्याच गावांना नेहमीच्याच रस्त्याने गेले. सोबत एक माणूस जास्त घेतला, अंधार पडायच्या आत परतले, रक्कम दोन खेपांत विभागली. त्या दिवसांत मला नीट दिसले की ही काळजी शस्त्र असतानाही घ्यायला हवी होती, आणि ती घेतली तर शस्त्राचे काम आणखी कमी होते. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. पुढचे नूतनीकरण येईल तेव्हा स्वसंरक्षण हे कारण लिहिण्याआधी त्या पाच वर्षांतले रस्ते, रकमा आणि माणसे आठवून ते अजून खरे आहे का, हे मी पाहणार आहे.

सून आता गादी सांभाळते. हिशेबात माझ्याहून तरबेज आहे, खेडा खरेदीला एकटी जायची तिची तयारी आहे, आणि तिला स्वतःच्या नावाचा परवाना हवा आहे. २०१६ पासून नव्या अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे, बाळगण्याचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते. ते ती घेईल. मी तिला वेगळे सांगितले आहे. तुझ्या मापाचा पट्टा आधी शिवून घे, तुझ्या कमरेच्या हाडावर बसेल असा. माझा तुला होणार नाही. त्याच्यावर रिकामी खोळ लाव आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत एक पूर्ण हंगाम ती बांधून वावर. गादीवर बस, गाडी चालव, लेकराला कडेवर घे, काट्यावर कोणी अंगावर धावून आला तर ऐकून घे. एवढ्या दिवसांत एकदाही हात तिकडे गेला नाही, बोलण्याचा सूर बदलला नाही आणि ती रिकामी खोळसुद्धा तू कुठे काढून ठेवली नाहीस, तर अर्ज कर. सही करायला मी यवतमाळला तुझ्याबरोबर येईन.